दुसऱ्या कार्डाचा जमाखर्च

दोन बैल म्हणजे एका बैलाच्या दुप्पट बळ, असे विधान ज्याने कधी औत धरलेले नाही तोच करू शकतो. आम्ही दोघांनीही औत धरलेले नाही, आणि २०११ साली आम्ही नेमके हेच विधान केले. ते एका विद्यार्थ्यापुढे केले, त्याच्या वडिलांच्या उसाच्या पैशावर केले, आणि अध्यापकाच्या अधिकारवाणीने केले. आजचा हा लेख त्या विधानाचे उशिरा केलेले परीक्षण आहे.

आमच्यापैकी एक जण शिरूरला मराठी शिकवतो, दुसरा दौंडला. मधल्या रस्त्यावर न्हावरे लागते, पारगावजवळ भीमा ओलांडावी लागते आणि चौफुल्याला पुणे-सोलापूर रस्ता गाठता येतो. हा विद्यार्थी याच पट्ट्यातला, भीमेकाठच्या एका गावचा. त्याच्याकडे एक संगणक होता आणि त्यात एटीआय कंपनीचे रेडिऑन एचडी ५७७० हे ग्राफिक्स कार्ड. नवे खेळ त्यावर अडखळू लागले होते. पुण्यात त्याच जातीचे दुसरे कार्ड कोणी वापरलेले विकत होते. ते आणून पहिल्याच्या शेजारी बसवावे, की पहिले विकून एकच मोठे कार्ड घ्यावे, हा त्याचा प्रश्न. तो आमच्याकडे आला तो आम्हांला संगणकातले काही कळते म्हणून नव्हे. उसाची पहिली उचल नुकतीच आली होती, वडील पैसे द्यायला राजी नव्हते, आणि ‘सर’ म्हणाले तर ते ऐकतील एवढाच त्याचा हिशेब होता. आम्ही क्षणभर विचार केला आणि म्हणालो, “जोडी कर. एकापेक्षा दोन बरे.”

पुढे काय झाले ते यथावकाश येईलच. परंतु आमचा सल्ला चुकला तो अज्ञानामुळे जितका, तितकाच एका रूपकामुळे चुकला, हे आज आम्हांला अधिक महत्त्वाचे वाटते. जोडीचे रूपक आपल्या भाषेत इतके खोल रुजलेले आहे की ते वापरताना पुरावा मागावा असे कोणाला सुचत नाही. म्हणून या दुसऱ्या कार्डाचा इतिहास मुळापासून तपासणे आम्हांला आवश्यक वाटले.

ग्राफिक्स कार्डाचे काम साध्या शब्दांत सांगता येते. पडद्यावरचे चित्र ठिपक्यांचे असते. आडवे १०२४ आणि उभे ७६८ ठिपके धरले तर एका चित्रात पावणेआठ लाखांहून अधिक ठिपके होतात. खेळ सुरळीत दिसायचा तर अशी चित्रे सेकंदाला साठ काढावी लागतात, म्हणजे दर सेकंदाला पावणेपाच कोटींच्या घरात ठिपक्यांचा रंग ठरवावा लागतो. मुख्य प्रोसेसरला हे ओझे पेलत नाही, म्हणून त्यासाठी वेगळे कार्ड आले. आणि एका कार्डालाही ते पेलेना, तेव्हा दोन कार्डे एका जुवाला जोडण्याची कल्पना निघाली.

ही कल्पना घराघरांत नेली ती अमेरिकेतील थ्रीडीएफएक्स या कंपनीने. १९९८ साली आलेल्या तिच्या व्हूडू-२ कार्डांची जोडी एका छोट्या पट्टीने एकमेकांना जोडता येत असे. कामाची वाटणी मोठी सुबक होती. एका कार्डाने चित्राच्या विषम ओळी काढायच्या, दुसऱ्याने सम ओळी. दोन लेखनिकांनी एकच पान ओळ सोडून ओळ लिहावे, तसे. एका कार्डाला ८०० बाय ६०० ठिपक्यांचे चित्र झेपत होते, जोडीला १०२४ बाय ७६८ चे. या पद्धतीला ‘स्कॅन-लाइन इंटरलीव्ह’, संक्षेपाने एसएलआय, असे नाव मिळाले. या जोडीच्या संदर्भात विजेचा प्रश्न कोणी विचारला नाही, कारण तो प्रश्नच नव्हता. ज्या पीसीआय खाचेत कार्ड बसत असे ती खाच जास्तीत जास्त २५ वॅट देई, आणि कार्डाला तेवढे पुरत होते. वेगळी तार लागत नव्हती.

अवघ्या दोन वर्षांत चित्र पालटले. २००० साली याच कंपनीच्या व्हूडू-५ ५५०० या कार्डावर दोन चिपा होत्या आणि त्याला हार्ड डिस्कला जाते तशी विजेची स्वतंत्र तार लावावी लागे. पुढची पायरी व्हूडू-५ ६००० ही चार चिपांची होती. तिच्यासाठी कंपनीने ‘व्हूडू व्होल्ट्स’ नावाचा वेगळा डबा योजला, जो संगणकाबाहेर ठेवून थेट भिंतीतल्या प्लगला लावायचा. ते कार्ड बाजारात कधीच आले नाही. २००० च्या डिसेंबरात कंपनीने आपली मुख्य मालमत्ता एनव्हिडियाला विकण्याचा करार केला, आणि २००२ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. कंपनी बुडण्याची कारणे अनेक होती. पण तिचे शेवटचे स्वप्न भिंतीवरच्या प्लगाशी येऊन थांबले होते, ही गोष्ट सूचक आहे. जोड वाढवत गेले की प्रश्न कार्डाचा राहत नाही, पुरवठ्याचा होतो.

एनव्हिडियाने ती तीन अक्षरे २००४ साली पुन्हा वापरात आणली. अक्षरे तीच ठेवली आणि अर्थ बदलला: आता एसएलआय म्हणजे ‘स्केलेबल लिंक इंटरफेस’. शब्दाचे रूप टिकते आणि अर्थ मागच्या दाराने निघून जातो, हे अर्थांतराचे उदाहरण वर्गात द्यायला चांगले आहे. मधल्या काळात कार्डासाठी एजीपी नावाची एकच खाच असे, त्यामुळे जोडी शक्य नव्हती. पीसीआय एक्स्प्रेस आल्यावर मदरबोर्डावर दोन मोठ्या खाचा देता येऊ लागल्या. २००५ साली एटीआयनेही ‘क्रॉसफायर’ नावाने आपली जोडी आणली. २००६ मध्ये एएमडीने एटीआय विकत घेतली, तरी पुढची काही वर्षे कार्डांवर जुने नाव राहिले.

या नव्या युगात विजेचे नियम लिहिले गेले. खाचेतून ७५ वॅट. त्याहून जास्त हवे असेल तर सहा पिनांच्या तारेतून आणखी ७५, किंवा आठ पिनांच्या तारेतून १५०. कार्डाच्या पाठीवरच्या पिना मोजल्या की त्याची भूक कळते. २०१० सालच्या जीफोर्स जीटीएक्स ४८० या कार्डाचा आकडा २५० वॅट होता. अशी दोन म्हणजे ५०० वॅट, प्रोसेसर आणि इतर सामान वेगळे. २०१४ मध्ये एएमडीने एकाच पाटीवर दोन चिपा बसवून आर९ २९५एक्स२ हे ५०० वॅटचे कार्ड काढले. त्याला आठ पिनांच्या दोन तारा होत्या. नियमाने हिशेब केला तर १५० अधिक १५० अधिक ७५ म्हणजे ३७५ वॅट होतात. उरलेले १२५ वॅट नियमाबाहेरचे. नियम करणारा आणि मोडणारा उद्योग एकच होता.

आता आपण भीमेकाठी परत येऊ. कारण वरचा सगळा हिशेब एक गोष्ट गृहीत धरतो: भिंतीतल्या प्लगमध्ये वीज आहे, आणि ती जशी असायला हवी तशी आहे.

२००१ साली दाभोळचा प्रकल्प बंद पडला, राज्यातील मागणी वाढत राहिली, आणि या शतकाचे पहिले दशक महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाने भारनियमनात काढले. ६ जून २००५ रोजी राज्य वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण ही वितरण कंपनी झाली, पण नावे बदलून वीज वाढत नाही. औद्योगिक वसाहतींसाठी एक्स्प्रेस फीडर होते. गावांच्या वाट्याला वेळापत्रक होते. शेतीपंपांना कधी दिवसा आठ तास, कधी रात्री. गावठाणाचे फीडर शेतीपासून वेगळे करणे, सिंगल फेजिंग, अक्षय प्रकाश योजना असे अनेक उपाय त्या काळात आले. अक्षय प्रकाश योजनेत गावाने ठरवून संध्याकाळी पंप बंद ठेवायचे आणि त्या बदल्यात घरातले दिवे चालू राहायचे. मर्यादित पुरवठ्यात कोणता भार आधी आणि कोणता नंतर, हा प्रश्न संगणकाच्या डब्यात शिरण्याआधी आमच्या गावांनी ग्रामसभेत चर्चिला होता.

याहून बोधप्रद इतिहास ऑटोस्विचचा आहे. रात्री दोन वाजता वीज आली तर उठून शेतात कोण जाणार, म्हणून शेतकऱ्याने पंपाला ऑटोस्विच लावला. वीज आली की मोटार आपोआप सुरू. एकाच्या बाबतीत हा शहाणपणा होता. पण एका रोहित्रावरच्या सगळ्यांनीच तो लावला, तेव्हा वीज येताच सगळ्या मोटारी एकाच क्षणी उठू लागल्या. सुरू होताना मोटार नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते. परिणाम एकच: डीपी जळाली. मग ती दुरुस्त होऊन येईपर्यंत उभे पीक पाण्यावाचून. महावितरण आजही ऑटोस्विच काढा आणि कॅपॅसिटर बसवा असे आवाहन करते ते यासाठीच. सरासरी भाराने डीपी जळत नाही, सगळ्यांनी एकाच वेळी मागितले म्हणजे जळते.

आमच्या विद्यार्थ्याच्या संगणकातली डीपी म्हणजे त्याचा एसएमपीएस. त्यावर मोठ्या अक्षरांत ‘५०० वॅट’ छापलेले होते. बाजूच्या बारीक तक्त्यात मात्र १२ व्होल्टच्या रकान्यात १८ अँपिअर एवढाच आकडा होता. बारा गुणिले अठरा म्हणजे २१६ वॅट. ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर दोघेही मुख्यतः याच १२ व्होल्टवर जगतात. बाकीचे वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या रकान्यांत, म्हणजे ज्या वाफ्यात पीक नाही तिथे सोडलेले पाणी. त्याच्या एका कार्डाची कमाल भूक पत्रकाप्रमाणे १०८ वॅट, दोघांची बरोबर २१६. म्हणजे दोन कार्डांनी ताट पुसून घेतले, आणि ९५ वॅटचा प्रोसेसर उपाशी. सहा पिनांची तार एकच होती. दुसऱ्या कार्डासाठी दुकानदाराने चार पिनांचे दोन प्लग जोडून सहा पिनांचा एक करणारा तुकडा दिला. पुरवठा तोच ठेवून नळ तेवढा दुसरा बसवला.

हा तक्ता आम्ही पुढे वाचायला शिकलो. त्या वेळी आमच्यापैकी कोणी तो पाहिलाही नव्हता.

खेळ सुरू करून दहा मिनिटे झाली की पडदा काळा होई आणि संगणक पुन्हा चालू होई. मुलाने दोष व्होल्टेजला दिला, आणि तोही सर्वस्वी चुकीचा नव्हता. संध्याकाळी त्याच्या घरी व्होल्टेज १६० पर्यंत उतरत असे. व्होल्टेज उतरले की दिवा मंद होतो आणि कमी वीज खातो. एसएमपीएस तसे करत नाही. त्याला आत ठरलेले वॅट द्यायचेच असतात, म्हणून तो बाहेरून जास्त प्रवाह ओढतो. आतला भार ३५० वॅट आणि एसएमपीएसची कार्यक्षमता ७५ टक्के धरली, तर भिंतीतून सुमारे ४६७ वॅट लागतात. २३० व्होल्टला हे दोन अँपिअर होतात, १६० व्होल्टला जवळजवळ तीन. पाण्याची मोटार कमी व्होल्टेजवर जळते तीही याच वाटेने. त्याने स्टॅबिलायझर आणला. मग ६०० व्हीएचा यूपीएस आणला. या मापाचे बाजारातले यूपीएस प्रत्यक्षात साधारण ३६० वॅटच देतात. वीज जाताच तो किंचाळून बंद पडे. मे महिन्यात, पत्र्याच्या खोलीत, एका संध्याकाळी एसएमपीएस जळाला आणि जाताना मदरबोर्ड घेऊन गेला.

घरात तो एकच संगणक होता. जूनमध्ये धाकट्या बहिणीचे प्रवेशाचे अर्ज ऑनलाइन भरायचे होते. ती रोज बस पकडून दुसऱ्या गावच्या नेट कॅफेत जाऊन बसू लागली. दुसरे कार्ड, स्टॅबिलायझर, यूपीएस, नवा एसएमपीएस आणि नवा बोर्ड यांची बेरीज एका मोठ्या कार्डाच्या किमतीच्या पुढे गेली होती. वडिलांची आणि आमची गाठ पडली तेव्हा ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “सर, दुसरी मोटार टाकायच्या आधी माणूस डीपी बघतो.”

येथे एक शंका रास्त आहे. एसएमपीएस चांगला असता, वीज नीट असती, तर जोडी फळली असती का? काही खेळांत काही प्रमाणात, असे त्याचे उत्तर आहे, आणि ते ‘काही’ समजून घेण्यासाठी घाटाचे उदाहरण उपयोगी पडेल. मुंबईहून दौंडकडे येणाऱ्या प्रवाशाला कर्जतचा थांबा परिचित असतो. गाडीला मागून बँकर म्हणजे ढकलणारी जादा इंजिने लागतात, आणि तेवढ्या वेळात फलाटावर वडे खपतात. भोर घाटाची चढण सदतीस फुटांना एक फूट अशी आहे, ती एका इंजिनाने चढवत नाही. पण लोणावळ्याला बँकर काढून घेतात. पुढे पुणे ते दौंड या सपाटीवर ते जोडून ठेवले तर गाडी दुप्पट वेगाने धावणार नाही, इंजिनाचे वजन तेवढे वाहून न्यावे लागेल. शिवाय घाटातही पुढच्या आणि मागच्या चालकांनी इशाऱ्यांनी एकमेकांशी मेळ ठेवावा लागतो. म्हणजे जादा शक्तीला दोन अटी आहेत. काम तिच्यात वाटता येण्याजोगे हवे, आणि वाटणाऱ्यांत मेळ हवा.

खेळाचे चित्र ओळीओळीने वाटणे नव्या तंत्रात कठीण झाले, कारण एका भागाचा प्रकाश आणि सावली दुसऱ्या भागावर अवलंबून राहू लागली. म्हणून पुढे बहुधा एक आख्खे चित्र एका कार्डाने आणि त्यानंतरचे दुसऱ्याने काढायचे, अशी पद्धत रूढ झाली. तिचे तीन तोटे निघाले. पहिला, दोन्ही कार्डांना सगळे साहित्य आपापल्या मेमरीत ठेवावे लागे. एक जीबीची दोन कार्डे म्हणजे दोन जीबी नव्हे, त्याच एका जीबीच्या दोन प्रती. दुसरा, प्रत्येक खेळासाठी कार्डाच्या कंपनीने वेगळी आखणी करून द्यावी लागे. ती नसेल तर दुसरे कार्ड नुसते बसून राही. तिसरा सर्वांत सूक्ष्म. सेकंदाला साठ चित्रे निघत, पण समान अंतराने निघत नसत. दोन चित्रे लागोपाठ, मग खंड, मग पुन्हा दोन. आकडा साठचा आणि डोळ्यांना अनुभव तीसचा. छंदात अक्षरसंख्या बरोबर असूनही यती चुकली की ओळ लंगडते, तसाच हा दोष. २०११ च्या सप्टेंबरात ‘द टेक रिपोर्ट’मध्ये स्कॉट वॉसन यांनी सेकंदाची सरासरी सोडून प्रत्येक चित्राला लागलेला वेळ मोजायला सुरुवात केली, आणि हा लंगडेपणा आकड्यांत दिसू लागला. २०१३ मध्ये एएमडीला त्यावर उपाय करणारे सॉफ्टवेअर द्यावे लागले.

जोडीचा सगळाच इतिहास मात्र अपयशाचा नाही, आणि हे पुणे जिल्ह्यातल्या माणसाला तरी सांगायला नको. १९८८ साली पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि १९९१ मध्ये विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली ‘परम ८०००’ उभा राहिला. त्याचे मर्मच हे होते की एका अजस्र प्रोसेसरऐवजी ट्रान्सप्युटर नावाचे अनेक छोटे प्रोसेसर एकत्र जुंपायचे. पुण्याचाच ‘एका’ हा महासंगणक २००७ साली जगात चौथा आला, आणि सी-डॅकचा ‘परम सिद्धी-एआय’ २०२० साली त्रेसष्टावा. या शेवटच्याच्या पोटात तर एनव्हिडियाची डीजीएक्स ए१०० यंत्रे आहेत, आणि अशा प्रत्येक यंत्रात आठ ग्राफिक्स प्रोसेसर असतात. मग तिथे जमते ते आमच्या विद्यार्थ्याच्या खोलीत का जमू नये? कारण हवामानाच्या गणितासारखे काम तुकड्यांत वाटता येते आणि वाटणी करणारा माणूस पगारी असतो. जीन अमडाल यांनी १९६७ मध्येच हा मुद्दा मांडला होता: कामाचा जो भाग वाटता येत नाही, तोच अखेरीस वेगाची मर्यादा ठरवतो. आणि अशा केंद्रांत वीज आणि थंडावा यांची योजना यंत्राबरोबरच होते, यंत्र जळाल्यावर नव्हे.

आता प्रश्न उरतो तो मोलाचा. ‘आज एक घ्या, उद्या दुसरे’ ही जोडकार्डाची खरी जाहिरात होती. मध्यमवर्गीय आणि शेतकरी कुटुंबाला ती लगेच पटते, कारण आपण घरही असेच बांधतो. आधी दोन खोल्या आणि पुढे जमेल तसे, म्हणून स्लॅबवर सळया उघड्या ठेवायच्या. पण उघड्या सळयांनाही पैसे पडतात. दोन खाचांचा महाग बोर्ड आणि मोठा एसएमपीएस पहिल्याच दिवशी घ्यावा लागतो, दुसरे कार्ड पुढे येवो न येवो. आणि उद्या येतो तेव्हा ते कार्ड बाजारातून गेलेले असते.

आमच्या विद्यार्थ्याचा हिशेब तर डोळ्यांसमोर होता. ५७७० मध्ये गणन करणारे ८०० घटक होते. त्याच मालिकेतल्या, त्याच ८५० मेगाहर्ट्झ वेगाच्या ५८७० मध्ये बरोबर १६००. म्हणजे एक मोठे कार्ड हीच दोन छोट्यांची बिनजुवाची जोडी होती. दोन छोट्यांना कमाल २१६ वॅट, मोठ्याला १८८. छोट्यांना मेळाची गरज, मोठ्याला नाही. त्याला नवा एसएमपीएस लागलाच असता, पण तो खर्च निदान आधी दिसला असता. शिवाय विजेचे बिल. १०८ वॅटचे जादा कार्ड भिंतीतून सुमारे १४४ वॅट ओढते. रोज चार तास धरले तर महिन्याला सतरा युनिट होतात, आणि टप्प्याटप्प्याने चढणाऱ्या दरात शेवटची सतरा युनिटे नेहमी सर्वांत महाग असतात.

पुढे उद्योगानेच जोडी मोडली, आणि खालून मोडली. २०१६ च्या जीटीएक्स १०६० या मध्यम किमतीच्या कार्डावर एसएलआयची सोयच नव्हती. ज्या ग्राहकाला टप्प्याटप्प्याने खर्च करायचा होता, त्याच्याच हातून ती आधी काढून घेतली गेली. २०२० मध्ये ती फक्त आरटीएक्स ३०९० या सर्वांत महाग कार्डावर उरली, आणि २०२२ च्या आरटीएक्स ४०९० वर तीही नाही. भूक मात्र कमी झाली नाही: ४०९० चा आकडा ४५० वॅट, २०२५ च्या ५०९० चा ५७५. दोन कार्डांची वीज आता एकटे कार्ड खाते. आणि दोन कार्डे पुन्हा दिसू लागली आहेत ती कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग घरी करणाऱ्यांकडे. तिथे प्रारूपाचे थर कार्डांत विभागून ठेवता येतात, म्हणून २४ जीबीची दोन कार्डे खरोखर ४८ जीबीच्या कामाला येतात. रूपक तेच आहे, काम बदलले म्हणून ते खरे ठरले.

आमचे रूपक कुठे चुकले ते आता सांगता येईल. ‘जोडी’ म्हणताना आमच्या मनात दोन बैल होते. औत धरणाऱ्याच्या मनात बैलांबरोबर जू असते, वैरण असते, जमीन असते आणि हाकणारा असतो. जोडीतला कमजोर बैल वेग ठरवतो हे त्याला ठाऊक असते, आणि दोन बैलांना दुप्पट वैरण लागते हे तो बाजारात जाण्याआधी मोजतो. आम्ही शब्द उचलला आणि त्यामागचा अनुभव जागेवर ठेवला. साहित्याच्या अध्यापकाकडून होणारी ही नेहमीची चूक आहे. वर्गात तिची किंमत कोणी मोजत नाही. त्या घराने मोजली.

तो विद्यार्थी आता पुणे-सोलापूर रस्त्यावर दुकान चालवतो. अर्ध्या भागात पाण्याच्या मोटारी रिवाइंड होतात, अर्ध्या भागात संगणक दुरुस्त होतात, आणि दोन्हीकडे ‘लोड येतो’, ‘फेज गेला’, ‘जळाली’ हीच भाषा चालते. मागच्या उन्हाळ्यात आम्ही तेथे गेलो असता एक मुलगा मोठ्या ग्राफिक्स कार्डाची चौकशी करत उभा होता. दुकानदाराने त्याला किंमत सांगितली नाही, बजेटही विचारले नाही. त्याने विचारले, “घरी संध्याकाळी लाइट कशी राहते?”